कार्यक्रम फसला, की झालाच नाही?

वाचनात मागे राहिलेल्या मुलांसाठी शाळेत दरवर्षी काही ना काही चालू असतं. कधी त्याला उपचारात्मक अध्यापन म्हणतात, कधी सेतू, कधी स्तरनिहाय गट, आता निपुण, म्हणजे पायाभूत वाचन-गणिताची केंद्र सरकारची मोहीम. वर्षाअखेरीला अहवाल वर जातो आणि त्यात प्रगती असतेच. पुढच्या वर्गाचे शिक्षक मात्र सांगतात की मुलं अजून शब्दापाशीच अडतात. मग बैठकीत कोणीतरी ठरवून टाकतं, या कार्यक्रमात दम नाही. नवा येतो: नवं नाव, नवी पुस्तिका, नवी लिंक.

जुना कार्यक्रम फसला की तो मुळात झालाच नाही, हे विचारायचं मात्र राहून जातं. मुलांचे गुण दोन्हीकडे सारखेच दिसतात. पण पहिल्या बाबतीत पद्धत बदलावी लागते आणि दुसऱ्या बाबतीत वेळापत्रक, नेमणुका आणि भेटींची रीत. हे न तपासता निर्णय घेतला तर चांगली पद्धत टाकून दिली जाते आणि तिला ज्यानं मारलं ते कारण नव्या पद्धतीच्या वाट्याला जसंच्या तसं येतं.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या स्तरनिहाय अध्यापनाचं. कल्पना साधी आहे. पाचवीतल्या मुलाला अक्षरं येत नसतील तर त्याला पाचवीचं पुस्तक बाजूला ठेवून अक्षरांपासून शिकवायचं, आणि त्याच पायरीवरच्या इतर मुलांसोबत. मुंबई आणि वडोदऱ्यात 2001 ते 2003 या काळात बालसखी कार्यक्रमाची चाचणी झाली. वस्तीतलीच तरुणी मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं शिकवायची. चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या शाळांशी तुलना केली तेव्हा फायदा स्पष्ट दिसला. पुढे बिहार आणि उत्तराखंडात हेच सरकारी शिक्षकांमार्फत करून पाहिलं. प्रशिक्षण झालं, साहित्य पोचलं, तरी शाळेच्या चालू वर्षात फरक जवळपास शून्य. गंमत अशी की बिहारमध्ये त्याच सरकारी शिक्षकांनी उन्हाळी सुट्टीत महिनाभराचं शिबिर घेतलं तेव्हा मुलं पुढे सरकली. म्हणजे शिक्षकांना येत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. शाळा सुरू झाली की पाठ्यपुस्तक आणि अभ्यासक्रम पूर्ण करण्याची घाई वरचढ ठरत होती, आणि मुलांचे गट स्तरानुसार पडतच नव्हते.

त्यातून शिकून हरियाणात 2012-13 मध्ये कुरुक्षेत्र आणि महेंद्रगड जिल्ह्यांत वेगळी मांडणी केली. रोजचा एक तास फक्त यासाठी राखला. त्या तासात वर्ग मोडून स्तरानुसार गट केले. शाळांवर देखरेख ठेवणाऱ्यांनी आधी स्वतः मुलांना शिकवून पाहिलं आणि मगच ते भेटी द्यायला लागले. हिंदी वाचन सुधारलं. त्याच अभ्यासात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचीही, म्हणजे वर्षभर नोंदी ठेवत मुलांना जोखण्याच्या पद्धतीचीही, तपासणी झाली होती. नोंदी भरणं वाढलं, पण मुलांच्या शिकण्यावर त्याचा परिणाम दिसला नाही. या सगळ्या संशोधनात 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो होते. नोबेल बाजूला ठेवा, त्यातला बिहार आणि हरियाणाचा फरक लक्षात ठेवा.

मध्य प्रदेशचं उदाहरण आपल्याला जास्त बोचणारं आहे. तिथे शाळांचं मूल्यांकन करून प्रत्येक शाळेचा सुधारणा आराखडा करायचा मोठा कार्यक्रम झाला. मूल्यांकन झालं, आराखडे झाले, कागदावर अंमलबजावणी उत्तम. कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग या अर्थतज्ज्ञांनी पुढे तपासलं तर वर्गातल्या शिकवण्यात आणि मुलांच्या शिकण्यात काहीच बदल नव्हता. तोवर तेच प्रारूप देशभर न्यायचं ठरलंही होतं.

आधी एक पान लिहा

कार्यक्रम खरंच झाला का, या तपासणीची सुरुवात शाळाभेटीने करू नका. आधी कार्यक्रमाचा गाभा एका पानात लिहा. पुस्तिका 80 पानांची असते. तिच्यातलं काय वगळलं तरी चालेल आणि काय वगळलं की कार्यक्रम उरतच नाही, हे कोणीतरी ठरवायला हवं. स्तरनिहाय वाचनासाठी हा गाभा साधारण असा निघतो: रोज ठरलेल्या वेळी किमान एक तास, तिसरी ते पाचवीची मुलं इयत्ता मोडून स्तरानुसार गटात, प्रत्येक मुलाच्या हातात त्याच्या स्तराचा मजकूर, तासात प्रत्येक मूल स्वतः वाचतं, बोलतं आणि लिहितं, आणि साधारण चार आठवड्यांनी पुन्हा चाचणी घेऊन गट बदलतात.

इतकंच. भिंतीवरचे तक्ते, उद्घाटनाचे फोटो, रंगीत टोप्या हे गाभ्यात येत नाही. पाहणीच्या कागदावर मात्र नेमके हेच जास्त असतात, कारण ते दिसायला सोपे. शेवटचा मुद्दा, गट बदलणं, सगळ्यात आधी गळतो. जुलैत पडलेले गट फेब्रुवारीतही तेच असतील तर ती मुलांची कायमची वेगळी तुकडी झाली. त्यातून मिळतो तो फक्त शिक्का.

तास मोजा, दिवस नको

‘60 दिवसांचा कार्यक्रम पूर्ण’ असं लिहिलेलं असतं. त्याचे तास काढा. समजा रोज एक तास, म्हणजे ठरलेले 60 तास. प्रत्यक्षात प्रशिक्षण, स्नेहसंमेलन, स्पर्धा, मतदार यादीचं काम आणि ‘आजच माहिती पाठवा’ यांतून 41 दिवस तास झाला. तो परिपाठ लांबल्याने सरासरी 40 मिनिटांचाच झाला. 41 गुणिले 40 म्हणजे 1640 मिनिटं, साधारण 27 तास. आता त्या गटातल्या मुलांची हजेरी 75 टक्के धरली तर एका मुलाच्या वाट्याला आले साडेवीस तास. ठरलेल्याच्या एक तृतीयांश. इतक्यावर ‘पद्धत चालत नाही’ असा निष्कर्ष काढणं म्हणजे पद्धतीवर अन्याय.

हा हिशोब करायला शाळेत वेगळं रजिस्टर लावू नका. आधीच खूप आहेत. वर्गातल्या कॅलेंडरवर तास झाला त्या दिवशी मिनिटं लिहायची, झाला नाही त्या दिवशी एका शब्दात कारण. महिन्याच्या शेवटी ती कारणं मोजली की केंद्रप्रमुखांना (जवळपासच्या शाळांचा गट म्हणजे केंद्र, त्यावर देखरेख ठेवणारे) आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना आपल्या कार्यालयाने किती तास खाल्ले हेही दिसतं. बहुतेकदा सगळ्यात मोठा आकडा तिथलाच असतो, आणि म्हणूनच बहुधा हा हिशोब कोणी मागत नाही.

तास दिवसाच्या कुठल्या भागात आहे तेही पाहा. शेवटच्या तासिकेला ठेवलेला कार्यक्रम सगळ्यात आधी बळी जातो. खिचडीनंतर लगेच ठेवला तर पहिली 15 मिनिटं ताटं धुण्यात जातात. परिपाठानंतरचा पहिला तास सगळ्यात टिकतो, पण उशिरा येणारी मुलं हुकतात आणि तीच बहुधा खालच्या गटातली असतात. मधल्या सुट्टीआधीचा तास बऱ्याच शाळांना जमतो.

यादीत कोण आहे

कार्यक्रम ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यापर्यंत पोचला का, हे यादीवरून कळतं आणि यादी चाचणीवरून बनते. म्हणून आधी चाचणी कशी झाली ते तपासा. असर या देशव्यापी शिक्षण सर्वेक्षणातली वाचन चाचणी बहुतेकांच्या ओळखीची आहे: अक्षरं, साधे शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. सुरुवात परिच्छेदापासून करायची. जमला तर गोष्ट, नाही जमला तर शब्द, तेही नाही तर अक्षरं. अक्षरंही न येणारं मूल ‘प्रारंभिक’ स्तराचं. मुलाने निवडलेल्या 5 शब्दांपैकी किंवा अक्षरांपैकी 4 बरोबर हवीत. परिच्छेदात तीनपर्यंत चुका चालतात, पण वाचन ओघात हवं; एकेक अक्षर सुटं जोडत ओढलेलं वाचन त्यात धरत नाहीत.

एवढ्या सोप्या चाचणीतही चुका ठरलेल्या असतात. बाकीची मुलं भोवती उभी असतात, त्यामुळे चौथ्या मुलाला परिच्छेद पाठ झालेला असतो. शिक्षक प्रेमाने पहिलं अक्षर सांगतात. जुलैची आणि मार्चची चाचणी एकाच कागदावर होते. परिच्छेद पाठ्यपुस्तकातला असतो आणि मूल तो बोट न सरकवता म्हणून दाखवतं. यावर उपाय स्वस्त आहेत: चाचणी व्हरांड्याच्या टोकाला, एका वेळी एक मूल, मजकुराचे किमान चार वेगवेगळे संच, आणि शंका आलीच तर तिसऱ्या ओळीतल्या एका शब्दावर बोट ठेवून ‘हा कोणता?’ असं विचारणं.

मिनिटाला किती शब्द वाचले हे मोजायची पद्धत निपुणमुळे रूढ झाली. तिसरीसाठी मिनिटाला 60 शब्द हे राष्ट्रीय लक्ष्य आहे. ते वापरा, पण हिंदीतल्या आकड्याशी थेट तुलना करू नका. हिंदीतले ‘घर के सामने से’ हे चार शब्द मराठीत ‘घरासमोरून’ या एका शब्दात येतात. आपले शब्द लांब आणि प्रत्यय चिकटलेले, त्यामुळे तितकंच वाचणारं मराठी मूल शब्दसंख्येत मागे दिसतं. मागच्या चाचणीशी तुलना करा, शेजारच्या राज्याशी नको.

नंदुरबारमधली भिली-पावरी बोलणारी, मेळघाटातली कोरकू बोलणारी, गडचिरोलीतली गोंडी बोलणारी मुलं अक्षरांची जुळणी करून मजकूर धडधडीत वाचतात आणि ‘बैल कुठे गेला?’ विचारलं की गप्प बसतात. त्यांना वाचता येतं आणि मराठी कळत नाही, ही वेगळी अडचण आहे. तिला अक्षरगटात टाकून काही होत नाही. म्हणून प्रत्येक परिच्छेदानंतर एक प्रश्न विचारा आणि त्याची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवा.

चाचणीच्या दिवशी गैरहजर असलेली मुलं यादीत कशी आली हेही विचारा. अनेकदा येतच नाहीत. ज्यांना मदतीची जास्त गरज, तीच त्या दिवशी नसतात. पुढच्या दोन आठवड्यांत ती आली की चाचणी घ्यायची, एवढा नियम पुरतो.

भेटीत काय पाहायचं

दहा मिनिटांच्या भेटीत शाळा आपली सगळ्यात चांगली दहा मिनिटं दाखवते. तास सुरू होण्याआधी पोचा आणि संपेपर्यंत मागे बसा. दर पाच मिनिटांनी मान वर करून गटातली किती मुलं त्या क्षणी वाचताहेत, लिहिताहेत किंवा मजकुराबद्दल बोलताहेत ते मोजा. तासाभरात 12 मोजण्या होतात. त्यांची सरासरी हा ‘वातावरण आनंददायी होते, होय/नाही’ या रकान्यापेक्षा फार उपयोगी आकडा आहे. सामूहिक वाचन वेगळं लिहा, कारण त्यात ओठ सगळ्यांचे हलतात आणि नजर खिडकीबाहेरही असू शकते.

साहित्य वापरात आहे का, हे विचारू नका, हातात घेऊन पाहा. दोन महिने वापरलेल्या शब्दकार्डांचे कोपरे दुमडतात, एक-दोन हरवतात. कार्डं करकरीत असतील, पेटीवरची प्लॅस्टिकची पट्टी शाबूत असेल तर उत्तर मिळालं. सर्वांत खालच्या गटातल्या तीन मुलांच्या वह्या मागा. शेवटच्या तीन नोंदींच्या तारखा पाहा. तिन्ही वह्यांत तीच वाक्यं त्याच चुकांसह असतील तर फळ्यावरून उतरवलेलं आहे. मुलाने मनाने लिहिलेलं वेडंवाकडं, चुकीच्या वेलांट्यांचं असतं आणि प्रत्येकाचं निराळं असतं.

हजेरीपटावरचा आकडा आणि गटात बसलेली डोकी, दोन्ही लिहा. फरक असेल तर लगेच वाद घालू नका. पोषण आहाराच्या आकड्याशी हजेरी बांधलेली असल्याने हा विषय तापतो आणि मूळ काम बाजूला राहतं. पाहणीत तुम्हाला हवी आहेत ती गटात बसलेली डोकी.

कोणता गट कोणाकडे आहे, हा प्रश्न पाहणीच्या कागदावर क्वचित असतो. प्रारंभिक आणि अक्षर स्तरावरचा गट सगळ्यात मोठा, आणि तो बहुतेकदा सगळ्यात नव्या शिक्षकाकडे किंवा मानधनावरच्या स्वयंसेवकाकडे जातो. अनुभवी शिक्षकांकडे गोष्ट वाचणारी मुलं. उलटं हवं. द्विशिक्षकी शाळेत गट तीन आणि माणसं दोन, तेव्हा एक गट स्वतःचा स्वतः बसणारच. तो गोष्ट स्तराचा असावा, जोडीने पुस्तक वाचत. पाहणीत मात्र अनेकदा उलट दिसतं: अक्षरगटातली मुलं एका कोपऱ्यात ‘क’ पाटीभर गिरवत असतात आणि दोन्ही शिक्षक पुढच्या मुलांसोबत.

भेटीच्या तारखा आधी सांगू नका, आणि त्या स्वतःच्या सोयीनेही ठरवू नका. महिन्याच्या सुरुवातीला चिठ्ठ्या काढून शाळा आणि वार ठरवा. मग एक गोष्ट कसोशीने पाळा: त्या दिवशी शिक्षक प्रशिक्षणाला गेलेले असतील, तास झाला नसेल, तर ‘भेट झाली, तास झाला नाही’ अशीच नोंद करा. आपले बहुतेक अधिकारी अशा वेळी परत जातात आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतात. दोन भेटींपैकी एकीतच तास चालू सापडला, ही सगळ्यात मोलाची माहिती त्यामुळे पुसली जाते आणि अहवालात 100 टक्के शाळांमध्ये तास सुरळीत चालू असल्याचं दिसतं.

दहा मुलांची फेरचाचणी

शाळेने नोंदवलेला स्तर खरा आहे का, हे पाहायला दहा मुलं पुरतात. मुख्याध्यापकांनी समोर आणलेली नकोत. हजेरीपट घ्या, 1 ते 5 मधला एक आकडा चिठ्ठीने काढा आणि तिथून दर पाचवं नाव. एका मुलाला पाचेक मिनिटं लागतात, तासाभरात काम होतं. शाळेने वापरलेला संच सोडून दुसरा वापरा.

आता जुळणी करा. दहापैकी दोन-तीन मुलांचा स्तर एका पायरीने इकडेतिकडे निघाला तर घाबरू नका, ती माणसाची चूक. पण चुकांची दिशा पाहा. दोन वर आणि एक खाली असेल तर ठीक. सगळ्या चुका एकाच बाजूला, म्हणजे नोंद वरच्या स्तराची आणि मूल खालच्या, अशा असतील तर आकडे फुगवलेले आहेत. मध्य प्रदेशातच सरकारी चाचणीचे तेच प्रश्न त्याच मुलांना पुन्हा दिले तेव्हा नोंदलेल्या गुणांपेक्षा प्रत्यक्ष गुण बरेच कमी आले होते, असं अभिजीत सिंग यांनी दाखवलं. तिथे त्या गुणांवर मोठी बक्षिसं किंवा शिक्षाही नव्हत्या. आकडे फुगायला साहेबांच्या भुवया पुरतात.

एका शाळेतल्या दहा मुलांवरून त्या शाळेची टक्केवारी जाहीर करू नका. एक मूल म्हणजे 10 टक्के. केंद्रातल्या 10 शाळांची मिळून 100 मुलं झाली की केंद्राबद्दल काही बोलता येतं. तेही सुमारे 10 टक्के इकडेतिकडे धरून, आणि एका शाळेतली मुलं एकमेकांसारखी असल्याने खरं तर त्याहून थोडं जास्त. म्हणून ‘आमचं केंद्र 62 वरून 66 वर’ या बातमीचा अर्थ जवळजवळ काहीच नाही.

फरक पडला का

तास झाले, गट पडले, नोंदी खऱ्या निघाल्या. आता कुठे परिणामाचा प्रश्न विचारण्यात अर्थ आहे.

‘गोष्ट वाचणारी मुलं’ हा एकच आकडा पाहिला तर फसगत होते. समजा दोन शाळांत 30-30 मुलं आहेत. जुलैत दोन्हीकडे प्रारंभिक 6, अक्षर 10, शब्द 8, परिच्छेद 4, गोष्ट 2. मार्चमध्ये दोन्हीकडे गोष्ट वाचणारी 6. अहवालात दोन्ही शाळा सारख्या. पण पहिल्या शाळेत प्रारंभिक 6, अक्षर 10, शब्द 8, परिच्छेद 0 असं उरलंय. म्हणजे उंबरठ्यावरची चार मुलं पुढे ढकलली आणि खालची 24 जागची हलली नाहीत. दुसऱ्या शाळेत प्रारंभिक 2, अक्षर 5, शब्द 9, परिच्छेद 8. तिथे अख्खा वर्ग सरकलाय. म्हणून प्रत्येक मुलाचा आधीचा आणि नंतरचा स्तर एकाच ओळीत असलेला तक्ता मागा. टक्केवारीवर लक्ष्य ठेवलं की शिक्षक उंबरठ्यावरच्या मुलांवर जोर देतात. तो त्यांचा दोष नाही, लक्ष्य तसं ठेवलेलं असतं.

मुलं काही न करताही थोडी पुढे जातात. वय वाढतं, वर्गात रोजचं शिकणं चालू असतंच. शिवाय जुलैत ज्यांना ताप होता किंवा जी अनोळखी माणसाला घाबरली ती खालच्या गटात आली, आणि मार्चमध्ये कार्यक्रमाशिवायही वर गेली असती. त्यामुळे आधी-नंतरची सगळी वाढ कार्यक्रमाच्या नावावर टाकता येत नाही. त्यातल्या त्यात सोपी तुलना म्हणजे मागच्या वर्षीच्या त्याच इयत्तेची मार्चची पातळी, तशाच चाचणीवर. तालुका स्तरावर याहून चांगलं करता येतं. प्रशिक्षण आणि साहित्य एकाच महिन्यात सगळ्या शाळांना पोचत नाहीच. मग पहिल्या सत्रात कोणत्या शाळा आणि दुसऱ्यात कोणत्या, हे चिठ्ठ्या टाकून ठरवा आणि दिवाळीच्या सुमारास दोन्हीकडे चाचणी घ्या. कोणीही वंचित राहत नाही आणि तुलना प्रामाणिक मिळते. हे 12 शाळांच्या केंद्रात करू नका; इतक्या कमी शाळांत मोठा फरक असेल तरच दिसेल. शंभरेक शाळांच्या तालुक्यात करा.

किती मुलं खरोखर आली, हाही परिणामाचाच भाग. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात गावातल्या स्वयंसेवकांनी वाचन शिबिरं घेतली. आलेल्या मुलांना भरपूर फायदा झाला, पण आली सुमारे 8 टक्केच. गावाची सरासरी म्हणून जेमतेम हलली. फक्त सरासरी पाहिली तर शिबिर निकामी वाटतं, फक्त आलेली मुलं पाहिली तर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवा.

आपल्याकडे याचंच दुसरं रूप ऊसतोडीचं. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांत दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलात परततात. मार्चच्या चाचणीला ती मुलं नसतात. राहिलेल्या मुलांची टक्केवारी आपोआप चढते आणि शाळेचं अभिनंदन होतं. तक्त्यात ‘स्थलांतरित’ आणि ‘गैरहजर’ असे दोन रकाने हवेत आणि टक्केवारी जुलैच्या पटावरच काढायला हवी. हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं शाळेतच असतात, त्यांची चाचणी नक्की झाली का तेही पाहा. जिथे निम्मा वर्ग नोव्हेंबरात जातो तिथे कार्यक्रम जूनमध्ये सुरू व्हायला हवा. जिल्ह्याच्या वेळापत्रकाप्रमाणे ऑक्टोबरात सुरू केला तर ज्यांच्यासाठी केला ती मुलं पहिल्या पंधरवड्यात निघून जातात.

जी हलतच नाहीत ती मुलं

दोन फेऱ्यांनंतरही, म्हणजे आठ-नऊ आठवडे नियमित येऊनही, जे मूल एक पायरी सरकत नाही त्याचं नाव वेगळं काढा. त्याला तिसऱ्यांदा त्याच गटात बसवण्याआधी डोळे आणि कान तपासले का ते विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, पण त्या दिवशी हे मूल हजर होतं का आणि चष्म्याची शिफारस झाली असेल तर चष्मा आला का, याचा पाठपुरावा कोणाकडेच नसतो. दिव्यांग हक्क कायदा 2016 मध्ये धरलेल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमताही आहे. पण तो शिक्का वर्गशिक्षकाने मारायचा नाही. तालुक्याच्या समावेशित शिक्षणाच्या विषयतज्ज्ञांकडे मूल पाठवायचं. तपासणीच्या कागदावर एवढंच हवं: अशी किती मुलं, किती पाठवली, किती परत आली आणि पुढे काय ठरलं. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा सापडेल.

शेरेबुकात काय लिहायचं

‘अध्यापन समाधानकारक. प्रगतीस वाव आहे.’ अशा शेऱ्यांनी शेरेबुकं भरलेली आहेत. त्याऐवजी तीन ओळी पुरतात. काय दिसलं, आकड्यासह: गटात 14 मुलं, सरासरी 6 वाचत होती. एकच बदल, कोण करणार त्यासह: अक्षरगट उद्यापासून मुख्याध्यापक घेतील. पुढच्या भेटीत काय पाहणार. आणि पुढच्या भेटीत खरोखर तेच आधी पाहायचं. एका भेटीत सात सूचना दिल्या की शिक्षक त्यातली सगळ्यात सोपी, म्हणजे तक्ता लावण्याची, पाळतात.

हे बोलणं त्याच दिवशी, शिक्षकांसोबत बसून व्हायला हवं. आकडे केंद्राच्या शिक्षण परिषदेत पडद्यावर शाळेच्या नावासह लावू नका. एकदा लावले की पुढच्या महिन्यात सगळ्या शाळा चांगल्या होतात आणि तुमची फेरचाचणी तेवढी खोटी ठरते.

शाळा व्यवस्थापन समितीला यात घ्या. कायद्याने तिच्यात तीन चतुर्थांश पालक असतात आणि सभेत त्यांच्या वाट्याला बहुधा सहीच येते. त्यांना टक्केवारी वाचून दाखवण्यापेक्षा चार ओळींचा परिच्छेद द्या आणि घरी आपल्याच मुलाकडून वाचून घ्यायला सांगा. ज्या पालकांना स्वतःला वाचता येत नाही त्यांच्या घरी शेजारची सातवी-आठवीतली मुलगी हे काम करते. पुढच्या सभेत प्रत्येकाने चिठ्ठीवर ‘वाचलं’, ‘अडखळत वाचलं’ किंवा ‘नाही आलं’ यांपैकी एकाला खूण करून डब्यात टाकायची. चिठ्ठीवर मुलाचं नाव नको, इयत्ता पुरे. मग तिसरीच्या चिठ्ठ्या आणि शाळेचा तिसरीचा तक्ता सगळ्यांसमोर शेजारी ठेवून मोजायचे. वीस मिनिटांत होतं.